‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

गौरी-गणपती चार दिवसांवर आलेले असतात. दूध संस्थेच्या ओट्यावर दहा दिवसांच्या बिलासाठी माणसे जमलेली असतात. आतून सेक्रेटरी सांगतात, “मावशी, आज नेट न्हाई. परवा या.” मावशी विचारते, “परवा तरी ईल का हो भाऊ?” सेक्रेटरी म्हणतात, “आता ते काय माझ्या हातात हाय का?”

वाचकहो, अशी बोलणी गावोगावी रोज होतात. कधी दूध संस्थेत, कधी विकास सोसायटीत, कधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत. त्यापायी खुरपणीचा अर्धा दिवस मोडतो, दुकानातली उधारी वाढते आणि पीककर्जाचा कागद तारखेच्या आत होईल की नाही, याची धास्ती लागते. गंमत अशी, की यातल्या कितीतरी वेळा बिघाड त्याच खोलीत, टेबलाखाली, हाताच्या अंतरावर असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातला हा प्रकार.

‘नेट नाही’ हे सांगणे ‘जनावर आजारी आहे’ असे सांगण्यासारखे आहे. त्यावरून औषध देता येत नाही. चारा खाते का, रवंथ करते का, अंगात ताप आहे का, हे विचारावे लागते. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. चार-पाच साधे प्रश्न ओळीने विचारले, तर बिघाड कुठे आहे ते बहुधा कळते. बारावी झालेली आपली मुलगी किंवा मुलगा हे प्रश्न विचारू शकतो, आणि सेक्रेटरी तर नक्कीच. हे प्रश्न कोणते आणि ते कोणत्या क्रमाने विचारावेत, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आतले नेट आणि बाहेरचे नेट

एखाद्या दूध संस्थेची कचेरी डोळ्यांपुढे आणा. एक कॉम्प्युटर दूध मोजण्याच्या ओट्याजवळ आहे. त्यावर सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते. दुसरा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, हिशेबाचा. शेजारी एक प्रिंटर. या तिन्हींच्या तारा एका लहानशा डब्यात येतात. त्या डब्याला स्विच म्हणतात. विजेच्या बटणाशी त्याचा संबंध नाही. स्विचमधून एक तार राऊटरला जाते. राऊटर म्हणजे वायफायचा तो शिंगे असलेला डबा. आणि राऊटरमधून फायबरची किंवा टेलिफोन कंपनीची तार बाहेर जाते.

आता विहिरीवरची पाइपलाइन आणि धरणाचा कालवा यांचा विचार करा. आपल्या विहिरीवरून आपल्याच वावरात नेलेली पाइपलाइन म्हणजे आतले नेट. याला लॅन किंवा लोकल नेटवर्क म्हणतात. धरणाचा कालवा म्हणजे बाहेरचे नेट, इंटरनेट. कालवा बंद झाला म्हणून विहिरीवरची पाइपलाइन थांबत नाही. तसेच इंटरनेट बंद असले, तरी ओट्यावरच्या कॉम्प्युटरची नोंद हिशेबाच्या कॉम्प्युटरवर जायला आणि पावती छापून निघायला अडचण नसते. मात्र संस्थेचा हिशेब कचेरीतल्याच कॉम्प्युटरवर ठेवलेला हवा. तो दूरच्या ठिकाणी ठेवलेला असेल, किंवा रक्कम बँकेत जमा करायची असेल, तर बाहेरचे नेट लागतेच.

फॅट मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. ते पुष्कळ ठिकाणी वेगळ्या तारेने सरळ एकाच कॉम्प्युटरला जोडलेले असते. फॅटचा आकडा येत नसेल, तर ती तार बघावी. तेथे राऊटरला दोष देऊन काही मिळायचे नाही.

हा फरक ध्यानात ठेवण्याची गरज वाढत चालली आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या जूनमध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांमध्ये कॉम्प्युटर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम २०११ साली मंजूर झाले. पुढे त्याला भारतनेट हे नाव मिळाले. यंत्रे गावात आली, पण दुरुस्त करणारा माणूस अजून तालुक्याच्याच गावी राहतो. तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे की निम्मे काम उरकून ठेवायचे, हे आपल्यावर आहे.

पहिला प्रश्न: एकाचेच बंद की सगळ्यांचे?

वावरात पाणी येईना, तर शहाणा शेतकरी आधी शेजारच्या सऱ्यांकडे पाहतो. एकाच सरीत पाणी नसेल, तर त्या सरीचे तोंड बुजले आहे. कुठेच नसेल, तर मोटारीकडे जावे लागते. येथेही तसेच करावे.

एकच कॉम्प्युटर अडला असेल आणि बाकीचे चालत असतील, तर राऊटरला हात लावू नये. दोष त्या कॉम्प्युटरमध्ये, त्याच्या तारेत किंवा तार जिथे खोवली आहे त्या खाचेत आहे. सगळेच अडले असतील, तर दोष स्विच किंवा राऊटरकडे आहे. आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, प्रिंटर चालतो, पण सरकारी संकेतस्थळ तेवढे उघडत नाही, असे असेल, तर आतले नेट ठणठणीत आहे. कंपनीला फोन करावा.

हा प्रश्न इतका कामाचा का, याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली कॉम्प्युटर तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत मांडली. तेव्हा एकच जाड तार खोल्यांमधून फिरवून तिला सगळी यंत्रे जोडत. ती तार एका जागी तुटली, तर सगळ्यांचेच काम थांबे. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार देऊन त्या सगळ्या एका डब्यात आणण्याची रीत पडली. म्हणून आज एक तार तुटली, तर एकच यंत्र थांबते. कोण थांबले आणि कोण चालू आहे, एवढ्यावरूनच बिघाडाची जागा निम्मी हाती लागते.

दुसरा प्रश्न: तार आणि दिवा

कॉम्प्युटरच्या मागे तार जिथे खोवतात तिथे पुष्कळदा लहान दिवा असतो. स्विचवर प्रत्येक खाचेला असा दिवा असतोच. तार दोन्ही टोकांना नीट बसली असेल आणि दोन्हीकडची यंत्रे चालू असतील, तर तो लागतो. माहिती जाऊ-येऊ लागली की लुकलुकतो. दिवाच नसेल, तर पुढचे काही तपासण्यात अर्थ नाही. मोटारीलाच वीज नसताना ड्रिपच्या नळ्या साफ करण्यासारखे ते होईल.

दिवा नसेल तर असे करावे. तार दोन्ही टोकांना काढून पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. पिनेची प्लॅस्टिकची जिभली मोडली असेल, तर झाडताना केरसुणीचा धक्का लागला तरी ती सैल होते. तरीही दिवा नसेल, तर स्विचवरची खाच बदलावी. मग चालू असलेल्या कॉम्प्युटरची तार आणून येथे लावून पाहावी. या तारेने दिवा लागला, तर आपली तार खराब आहे, हे पक्के झाले.

या तारेत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. त्यातली एखादी तुटली तरी काम मंद होते किंवा थांबते. उंदीर हा हिचा पहिला शत्रू. पेंडीच्या पोत्यांजवळून तार नेली असेल, तर तिथे आधी पाहावे. दुसरा शत्रू ऊन; घरात वापरायची तार पत्र्यावरून उघडी नेली, तर तिचे आवरण तडकते. तिसरी गोष्ट अंतराची. अशी तार एका टप्प्यात १०० मीटरच्या पुढे नेऊ नये. चौथी गोष्ट खरेदीची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती ठिसूळ असते. शुद्ध तांब्याचीच मागावी आणि मोटारीच्या केबलपासून लांबून न्यावी.

वळवाच्या पावसात विजा कडाडून गेल्यानंतर नेट बंद पडले, तर स्विचच्या एक-दोन खाचा जळल्या असण्याचा संभव फार. आभाळ भरून आले, की विजेची पिन काढतो तशी नेटची तारही काढून ठेवावी. दोन इमारतींच्या मधून तार गेली असेल, तर विशेष जपावे.

कॉम्प्युटर वायफायवर असेल, तर तारेऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. लॅपटॉपवर विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले आहे का? आपल्या राऊटरच्या नावाऐवजी शेजारच्या राऊटरचे किंवा कोणाच्या मोबाइलचे नाव निवडले गेले आहे का? आणि राऊटरचा पासवर्ड कोणी बदलला आहे का? मोबाइलच्या वायफायला जोडलेल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट चालते, पण कचेरीतला प्रिंटर सापडत नाही. कारण तो कॉम्प्युटर आता दुसऱ्याच्या विहिरीवर गेलेला असतो.

तिसरा प्रश्न: नंबर मिळाला का?

दिवा आहे, तरी काम होत नाही. मग नंबर बघायचा. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तो चार आकड्यांचा, मध्ये टिंबे असलेला असतो, जसे १९२.१६८.१.१५. आपल्या लहान कचेऱ्यांत बहुधा पहिले तीन आकडे हे गावाच्या नावासारखे असतात आणि शेवटचा आकडा गट नंबरासारखा. एकाच गावातली यंत्रे एकमेकांशी सरळ बोलतात. गाव निराळे झाले, की बोलणे थांबते.

हा नंबर वाटण्याचे काम राऊटर करतो. कालव्यावरचा पाटकरी जशी ज्याची त्याची पाण्याची पाळी ठरवून देतो, तसा राऊटर प्रत्येक यंत्राला ठराविक मुदतीसाठी नंबर देतो.

नंबर पाहण्याची रीत सोपी आहे. विंडोजचे चित्र असलेले बटण दाबून धरावे आणि आर दाबावा. लहान चौकट येते. तीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर मारावा. काळी खिडकी उघडते. तीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरे सलग लिहून एंटर मारावा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीपुढे आपला नंबर आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे राऊटरचा नंबर दिसतो. दोन्ही वहीत लिहून घ्यावेत.

आता चार गोष्टी संभवतात.

पहिली: आपल्या जोडणीखाली नंबराऐवजी ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे दिसते. म्हणजे तार पोचलेली नाही. मागच्या प्रश्नाकडे परत जावे.

दुसरी: नंबराची सुरुवात १६९.२५४ अशी आहे. हा आकडा तोंडपाठ करावा, कारण तो फार बोलका आहे. कॉम्प्युटरने नंबर मागितला, कोणी दिला नाही, तेव्हा त्याने आपल्या मनानेच एक नंबर लावून घेतला, असा त्याचा अर्थ. म्हणजे या कॉम्प्युटरपासून राऊटरपर्यंत कुठेतरी वाट तुटली आहे, किंवा राऊटरच नंबर वाटेनासा झाला आहे. यावर उपाय: राऊटर आणि स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी राऊटर चालू करावा, दोन मिनिटे जाऊ द्यावीत, मग स्विच, आणि शेवटी कॉम्प्युटर. क्रम उलटा करू नये. पाटकरी जागेवर येण्याआधी पाणी मागून उपयोग नाही.

तिसरी: नंबर बरा दिसतो, पण पहिले तीन आकडे इतर यंत्रांपेक्षा वेगळे आहेत. ओट्यावरचा कॉम्प्युटर १९२.१६८.१ च्या गावात आणि प्रिंटर १९२.१६८.० च्या गावात. नवीन फायबर घेताना कंपनीचा माणूस आपला राऊटर बसवून जातो आणि जुनाही तसाच राहतो, तेव्हा असे होते. एका गावात दोन पाटकरी झाले! दोघांपैकी एकानेच नंबर वाटायचा, हे जाणत्या माणसाकडून ठरवून घ्यावे. कधी मागे कोणी मेकॅनिकने कॉम्प्युटरला हाताने कायमचा नंबर दिलेला असतो आणि राऊटर बदलल्यावर तो जुळत नाही. अशा वेळी सेटिंगमधल्या ‘नेटवर्क’ सदरात जाऊन जुने आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि नंबराची सोय ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावी.

चौथी: दोन यंत्रांना एकच नंबर लागला. एका गट नंबरावर दोन मालक असले, की भांडण ठरलेले. काम मध्येच चालते, मध्येच थांबते. एक यंत्र बंद केले, की दुसरे सुरळीत होते. अशी लक्षणे दिसली, तर दोन्हींचे नंबर पडताळावेत.

चौथा प्रश्न: हाक दिली तर ओ येते का?

बांधावरून हाक मारली आणि पलीकडून ‘ओ’ आली, म्हणजे माणूस जागेवर आहे, हे कळते. कॉम्प्युटरला अशी हाक मारता येते. तिचे नाव पिंग. अमेरिकेतले माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये नेटवर्कमधलाच एक बिघाड शोधण्यासाठी हे साधन तयार केले. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्यांनी ते नाव दिले. आज चाळीस वर्षांनंतरही तेच वापरात आहे.

त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी लिहावे, जागा सोडून राऊटरचा नंबर लिहावा आणि एंटर मारावा. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशी ओळ आली आणि तिच्या शेवटी किती वेळ लागला तो आकडा आला, म्हणजे ओ मिळाली. येथे एक फसगत होते, ती टाळावी. कधी ओळीची सुरुवात ‘रिप्लाय’नेच होते, पण शेवटी ‘अनरीचेबल’ असे लिहिलेले असते. ती ओ नव्हे. पलीकडे पोचता आले नाही, असा तो निरोप आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे वाट पाहिली, उत्तर आले नाही.

राऊटरने ओ दिली, तर आपली तार, स्विच आणि नंबर ठीक आहेत. मग प्रिंटरला हाक द्यावी, मग दुसऱ्या कॉम्प्युटरला. दुसरा कॉम्प्युटर ओ देत नसेल, तर लगेच तो बंद पडला असे समजू नये. विंडोजचे पहारेकरी अनोळखी हाकेला कधी कधी मुद्दाम उत्तर देत नाहीत.

आता बाहेरचे पाहा. ८.८.८.८ हा गूगलचा सर्वांसाठी खुला असलेला नंबर आहे. राऊटर ओ देतो, पण हा नंबर देत नाही, तर बहुधा बाहेरची वाट बंद आहे. कंपनीला फोन करताना “नेट नाही” असे म्हणू नये. “आमचा राऊटर उत्तर देतो, पण बाहेर काही जात नाही,” असे सांगावे. मग पलीकडचा माणूस ‘तार काढून लावा’ असे सांगून आपल्याला ताटकळत ठेवत नाही. आणि हा नंबर ओ देतो, बाकीची संकेतस्थळेही उघडतात, पण एकच सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाकडे आहे. तरी आपल्या कॉम्प्युटरची तारीख एकदा पाहावी. ती चुकलेली असली, तरी पुष्कळ संकेतस्थळे दार उघडत नाहीत.

पाचवा प्रश्न: ओ मिळते, पण दार उघडत नाही

तार ठीक, नंबर ठीक, हाकेला ओ, आणि तरीही हिशेबाच्या कॉम्प्युटरमधले फोल्डर उघडत नाही किंवा प्रिंटर छापत नाही. येथे दोष वाटेत नसून दारात असतो.

आधी अगदी साधे पाहावे. ज्या कॉम्प्युटरमध्ये फोल्डर आहे, तो झोपलेला तर नाही? काही वेळ कोणी हात लावला नाही, की कॉम्प्युटर आपोआप झोपतो आणि त्याच्यातले काही कोणाला मिळत नाही. दिवसभर लागणाऱ्या कॉम्प्युटरची ही झोपेची सोय बंद ठेवावी.

मग राऊटर नुकताच बदलला आहे का, ते आठवावे. नवे नेटवर्क दिसले, की विंडोज त्याला बहुधा ‘पब्लिक’ समजते, म्हणजे एस.टी. स्टँडवर बसल्यासारखे सावध होते आणि आपले काही कोणाला दाखवत नाही. आपल्या कचेरीतले नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरचे आहे, असे सेटिंगमध्ये सांगितले, की फोल्डर पुन्हा दिसू लागते.

तिसरी गोष्ट पासवर्डची. हिशेबाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, तर ओट्यावरच्या कॉम्प्युटरलाही नवा पासवर्ड सांगावा लागतो. तो जुनीच किल्ली घेऊन दार वाजवत बसलेला असतो.

चौथी गोष्ट प्रिंटरची. वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला राऊटरकडून नवा नंबर मिळतो आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरावर कागद पाठवत राहतो. प्रिंटरवरच्या बटणातून त्याच्या सेटिंगचा कागद छापता येतो. त्यावरचा नंबर आणि कॉम्प्युटरमधला नंबर ताडून पाहावा. प्रिंटरचा नंबर राऊटरमध्ये कायमचा राखून ठेवायला मेकॅनिकला सांगितले, की ही कटकट संपते.

पाचवी गोष्ट जुन्या-नव्याची. काही संस्थांत अजून विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. त्याची देखभाल कंपनीने २०१४ सालीच थांबवली. फोल्डर उघडून दाखवण्याची त्याची जी जुनी बोली आहे, ती नव्या विंडोजमध्ये २०१७ नंतर सुरक्षेसाठी बंद ठेवलेली असते. म्हणून जुना आणि नवा शेजारी बसूनही एकमेकांशी बोलत नाहीत. जुनी बोली पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. चोराला दार उघडे ठेवण्यासारखे ते आहे. जुन्या कॉम्प्युटरवरचा हिशेब काढून नव्यावर न्यावा, हाच खरा मार्ग. विंडोज १० चीही नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे संचालक मंडळाने ध्यानात ठेवावे.

हे मात्र करू नये

राऊटरच्या मागे बारीक भोक असते. त्यात सुई घालून दाबल्यावर सगळे ठीक होते, असे पोरे सांगतात. त्याने राऊटरमधली कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि असलेले नेटही जाते. बंद करून चालू करणे वेगळे आणि हे भोक दाबणे वेगळे.

राऊटरची किंवा स्विचची विजेची पिन जळली, तर घरातली सारखी दिसणारी दुसरी पिन लावू नये. काही ५ व्होल्टच्या असतात, काही ९ च्या, काही १२ च्या. तोंड सारखे असले, तरी व्होल्ट निराळे असतात. डब्याच्या तळाशी लिहिलेले व्होल्ट जुळलेच पाहिजेत.

पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, बंद करून ठेवू नये. एका दमात चार गोष्टी बदलू नयेत. एक बदलावी, पाहावे, फरक पडला नाही तर होती तशी करावी. नाहीतर काय केल्याने बरे झाले आणि काय केल्याने बिघडले, दोन्ही कळत नाही. आणि फोनवरून कोणी अनोळखी माणूस ‘मी इथूनच दुरुस्त करतो, हे ॲप घ्या, आलेला आकडा सांगा’ म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. त्या कॉम्प्युटरवर सगळ्या सभासदांचे खाते क्रमांक असतात.

भिंतीवर एक कागद

जमिनीचा नकाशा जपून ठेवतो, तसा कचेरीच्या नेटचा एक नकाशा असावा. हाताने काढला तरी चालेल. कोणती तार कोठून कोठे जाते, राऊटरचा नंबर, प्रिंटरचा नंबर, कंपनीचा तक्रारीचा फोन आणि आपला ग्राहक क्रमांक, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘ओटा’, ‘हिशेब’, ‘प्रिंटर’ असे लिहावे. सगळे चालू असतानाच हे करून ठेवावे. पासवर्ड मात्र भिंतीवर लावू नयेत. ते कपाटात ठेवावेत. शेजारी एक वही ठेवावी. तारीख, काय बंद पडले, काय केल्यावर चालू झाले, एवढे तीन रकाने पुरेत. सहा महिन्यांत त्या वहीतूनच दिसू लागेल, की बिघाड पुन्हा पुन्हा एकाच जागी होतो आहे. मग ती एक तार किंवा तो एक डबा बदलण्याचा खर्च मासिक सभेत मांडणे सोपे जाते.

सभासदांनीही आपले काम करावे. भांडायला उठू नये, पण मुकाट्याने परतही जाऊ नये. “सेक्रेटरी, आतले नेट बंद आहे का बाहेरचे?” एवढे विचारावे. आतले असेल, तर वरचे पाच प्रश्न अर्ध्या-पाऊण तासात होण्यासारखे आहेत. बाहेरचे असेल, तर तक्रार नोंदवली का आणि तिचा क्रमांक काय, ते विचारावे. आणि दोन्ही बंद असले, तरी दूध घेताना लिटर आणि फॅट हाताने लिहून सही केलेली पावती देता येतेच. कार्बन कागद घातलेले एक पावतीपुस्तक प्रत्येक संस्थेने टेबलाच्या खणात ठेवावे. नेट सुरू झाले, की त्या पावत्यांवरून नोंदी करून घ्याव्यात आणि पावती क्रमांक नोंदीपुढे टाकावा, म्हणजे एकही लिटर हिशेबाबाहेर राहणार नाही.